इंजिन उतरवलेली होडी

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, दिवाळे गावच्या जेट्टीवरून दिसेल इतक्या अंतरावर खाडीत एक होडी उलटली. होडीत एकच माणूस होता. वय एकसष्ट.

मी तेव्हा मासे घ्यायला जेट्टीवर आले होते. त्याची बायको माझी नेहमीची कोळीण. बारा वर्षं तिच्याच पाटीवरून घेत आले आहे.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी इंजिनाच्या होड्यांना असते. बिनइंजिनाची होडी खाडीत नेता येते. त्यामुळे बंदी लागायच्या आदल्या दिवशी काही जण इंजिन उतरवतात, गोणपाटात गुंडाळून घरी नेतात आणि तीच जड होडी दोन महिने वल्ह्यांवर चालवतात. हे नियमात बसतं. त्यानेही तेच केलं. इंजिनाबरोबर दोन लाइफ जॅकेटंही घरी माळ्यावर गेली. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या दिवसापासून उघडल्या नव्हत्या. तपासणीला जॅकेटं दाखवावी लागतात, आणि खाऱ्या पाण्याने विटलेलं चालणार नाही अशी घरात धास्ती होती.

आठवडाभर आधी मी तिला त्या जॅकेटांबद्दल विचारलं होतं.

"ताई, ती जाकीटां इंजिनाच्या होरीची हायत," ती म्हणाली. "वल्ह्यावर गेल्यावर कोन बगतंय?"

तो शेजारी बसून जाळं सोडवत होता. "बंदी इंजिनाला हाय," तो म्हणाला, "मानसाला नाय."

"मानसाचा खांदा बग आदी. सकाली सदरा मी घालते याला, आन् हा निंगाला वल्ही मारायला."

"उपकार करतेस?"

"बटनां पन लावते."

उजवा खांदा वर्षभर दुखत होता. डॉक्टरने वल्ही मारू नका असं सांगितलं होतं. इंजिन असताना ते पाळता आलं होतं.

त्या सकाळी तो खाडीच्या आतल्या बाजूने परत येत होता. ओहोटीला जोर होता, पाऊस तिरपा लागत होता. उजवं वल्हं पुरेसं ओढलं जात नव्हतं, त्यामुळे होडी आडवी झाली आणि जाळ्यासाठी रोवलेल्या एका खुंटावर आपटून उलटली. त्याने खुंटाला मिठी मारली.

जेट्टीवर सात होड्या होत्या. एकीलाही इंजिन नव्हतं.

"घरून आनू इंजिन?" एकाने विचारलं.

"आनशील, बसवशील, तवर तो काय तितं जेवत बसनार हाय? वल्ही घे!" दुसरा ओरडला.

दोघे निघाले. पाणी त्यांच्या विरुद्ध होतं. चार हात पुढे गेले की दोन हात मागे येत होते. ती जेट्टीच्या टोकाला उभी राहून ओरडत होती, "हात सोरू नको रं! सोरू नको!" आवाज तिथपर्यंत पोचत नव्हता. मी घड्याळ पाहत होते. त्या दोघांना त्याच्यापर्यंत पोचायला सव्वा तास लागला.

त्याला होडीत ओढून घेतलं तेव्हा त्याचा उजवा हात खुंटावरून बोटाबोटाने सोडवावा लागला. शुद्ध होती. किनाऱ्यावर त्याने आधी जाळ्याची चौकशी केली.

"जालां गेला खड्ड्यात," ती म्हणाली. मग तिने एकाला रिक्षा आणायला पिटाळलं.

खांद्याचा स्नायू फाटला होता. शस्त्रक्रिया झाली. हात खांद्याच्या वर जात नाही.

ऑगस्टमध्ये बंदी उठली. इंजिन परत बसलं. होडी आता त्याचा पुतण्या चालवतो. तपासणीला आलेल्या माणसाने जॅकेटं मागितली. पुतण्याने दोन्ही काढून दाखवली. पिशव्या बंद होत्या. कागदावर खूण झाली.

तो जेट्टीवर तिच्या पाटीशेजारी बसला होता. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली होती.