पूर्व

नकाशावर पूर्व मी चुकीच्या बाजूला लिहिली. तेवीस वर्षं भूगोल शिकवणारा मास्तर, आणि शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर ठळक अक्षरांत डावीकडे 'पूर्व', उजवीकडे 'पश्चिम'. शिडीवर चढलो की मला गरगरतं. त्यात दिशाही फिरल्या, अशी मी स्वतःची समजूत काढली.

शाळा समितीचे अध्यक्ष पाहायला आले. मागे हेडमास्तर. खाली पाचवीची लेकरं बसलेली. अध्यक्षांनी भिंत पाहिली आणि हसले.

"काय मास्तर, तुमच्या लोकाले तं झोपेतही पूर्व सांगता आली पायजे. पिढ्यानपिढ्या तिकडंच राह्यले ना."

हेडमास्तर हसले. मीही हसलो. लिहिताना लाज वाटते, पण खोटं कायले लिहू? शिडीवर उभा राहून हसलो.

आमच्याकडे बहुतेक गावांत बौद्धांची वस्ती पूर्वेला असते. ती तिथे कोणी ठेवली, सगळ्यांना माहीत आहे. माझाही जन्म अशाच वस्तीतला. बाप म्हणायचा, "सूर्य पयले आपल्या घरी येते, मंग पाटलाकडं जाते." त्या बापाचा मी पोरगा, आणि पूर्व चुकलो.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, चित्रकला एकटी शिकवू नका, दुसऱ्या विषयांशी जोडा. म्हणून लेकरांनी या भिंतीवर गावाचा नकाशा काढला. तो भूगोल. प्रत्येकानं घरापासून गावातल्या नळापर्यंत पावलं मोजली. ते गणित. मग घरं रंगवली आणि घराघरावर पावलांचा आकडा लिहिला. गावातल्या घरांवर तीस, चाळीस, साठ. वस्तीतल्या घरांवर चारशे, साडेचारशे. तीन विषय एकत्र आले की काय होतं, ते प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं.

अध्यक्षांनी आकडे वाचले. हसणं थांबलं.

"चित्रात गनित कायले घुसवलं?"

"जोडून शिकवा म्हणतात, साहेब."

"उद्या तपासनी हाय. दिशा सुधरवा. आन् वस्तीच्या जागी झाडं काढा. हिरवंगार दिसलं पायजे." मग हळूच म्हणाले, "बदल्यायचे दिवस हायेत, मास्तर. राजूर लय दूर पडते."

ते ऑफिसात चहाला गेले. माझं घर जवळच महागावात, आई अंथरुणाला खिळलेली. राजूर म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक.

हिरव्या रंगाचा डबा घेऊन शिडी चढलो. पहिलं झाड काढलं. छान आलं, हेच वाईट झालं. दुसऱ्यासाठी ब्रश टेकवला, तेवढ्यात खालून एक मुलगी बोलली. साडेचारशे पावलांचं घर तिचं. शाळेआधी पाण्याच्या दोन खेपा करून येणारी.

"सर, माह्या घरावर झाड काढून राह्यले का?"

तक्रार नव्हती. खरंच विचारत होती. मी ब्रश भिंतीवरून उचलला. मग तीच म्हणाली, "मी दोनदा मोजलं होतं, सर."

मी खाली उतरलो. शेवटची पायरी चुकली, गुडघा फुटला. लंगडत ऑफिसात गेलो. हातात ब्रश तसाच, फरशीवर हिरवे थेंब.

"दिशा माझी चुकली, ती सुधारतो. घरं लेकरांनी बरोबर काढली. ती राहतील. आकडेही राहतील."

"मंग राजूरले जाचं हाय का?"

"जाईन."

आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही. म्हणून पुन्हा म्हणालो. अध्यक्षांनी कप खाली ठेवला. काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याची भीती अजून गेलेली नाही.

झाड घासलेटनं पुसलं, त्याखालचं घरही पुसलं गेलं. मुलीनं आपलं घर पुन्हा काढलं. आकडा तोच टाकला.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. हसलो तेही सांगितलं. ती पीठ मळत होती, हात थांबला नाही.

"भेले होते?"

"लय. अजून भेऊन राह्यलो."

"मंग भेत भेत जा. पन सकाळी पयले पूर्व लिवा. बरोबर बाजूले, याच्यापेक्षा मोठी." पीठ झाकून ठेवत ती म्हणाली, "आन् राजूरले धाडलं तं जाऊ. तिथंही वस्ती पूर्वेलेच असन. तिथंही पावलं मोजा."