बाथरूमचा उंबरठा

घर बांधायला काढलेल्या माणसाला वर्षभर ‘काय, कसं काय?’ असं विचारू नये. तो खरंच सांगत बसतो. वाळूत माती किती निघाली, प्लंबर कसा फिरकलाच नाही, विटांच्या ढिगात तळाला तुकडेच कसे भरले होते, सगळं. आमच्या काकूला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, ‘चाललंय.’ आणि तिचं खरोखरच चाललेलं असायचं.

आता माझं स्वतःचं घर बांधायला निघालंय आणि सल्ला द्यायला अख्खं गणगोत टपलेलं आहे. मी सगळ्यांचं ऐकते, मान डोलावते आणि मनात काकूनं काय केलं असतं तेच बघते.

काकू शाळांचे गणवेश आणि पडदे शिवायची. गळ्यात मोजपट्टी कायम, देवळात गेली तरी. काका बस चालवायचे. आवाज दणदणीत, स्वभाव तिखट. पुढं पाठीच्या कण्याचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, आणि त्यातून काका वाचले पण पाय गेले ते गेलेच. चाकांची खुर्ची आली. काका तिला ‘गाडी’ म्हणायचे आणि वाटेत कुणी आडवं आलं की तोंडानं हॉर्न द्यायचे. पण राहायचे ते तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. लिफ्ट नाही. आणि बाथरूम एवढंसं, की गाडी दाराशीच अडायची. काकू त्यांना काखेत धरून उचलायची, ओढत नेऊन स्टुलावर बसवायची आणि न्हाऊ घालायची.

बसमध्ये दंगा करणाऱ्याला नुसत्या नजरेनं खाली उतरवणारा हा माणूस, पण अंगावर पाणी पडायला लागलं की डोळे मिटून घ्यायचा. अंघोळ संपेपर्यंत एक शब्द नाही. काकू मला एकदा म्हणाली, “मला त्यांचं करायचा कंटाळा नाही गं. पण त्यांना माझ्यासमोर लाज वाटते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याला आपल्यासमोर लाज वाटावी, हे नाही बघवत.”

घर बांधायचं ठरलं ते यासाठी. गावाबाहेर काकांनी कधीकाळी एक छोटा प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यावर तोवर शेजारच्या शेळ्या चरत होत्या. तिथं जमिनीलगत बैठं घर बांधायचं, आणि त्यात असं बाथरूम करायचं, की काका एकटे आत जातील, एकटे अंघोळ करतील आणि एकटे बाहेर येतील. बाकीचं घर म्हणजे बाथरूमच्या भोवती घातलेल्या भिंती आहेत, असं मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, “असू देत की.”

मिस्त्री शोधायला निघाली तेव्हा तिनं कुणालाच आधी दर विचारला नाही. तुम्ही बांधलेली घरं दाखवा, म्हणाली. मग त्या घरांत मिस्त्रीला न घेता एकटीच जायची आणि घरच्या बाईला दोनच गोष्टी विचारायची: छत गळतं का, आणि गळलं तर बोलावल्यावर मिस्त्री येतो का. एक बाई म्हणाली, “तोंडाचा फटकळ आहे मेला, पण येतो.” काकूनं त्यालाच काम दिलं.

हा मिस्त्री म्हणजे एक प्रकरण होतं. इस्त्रीचा शर्ट घालून कामावर यायचा आणि संध्याकाळी तसाच स्वच्छ परत जायचा. काम देखणं, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्याच्या माणसांसमोर त्याला कुणी काही बोललं, तर तो थापी खाली ठेवून सरळ घरी जाणार, अशी त्याची ख्याती होती. काकूनं हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. काही खटकलं, की ती त्याला कोपऱ्यावरच्या झाडाखाली बोलवायची, “मिस्त्री, जरा इकडं या, मला एक समजत नाहीये.” समजत सगळं असायचं. भिंत दुसऱ्या दिवशी सरळ झालेली असायची.

पाया खणायच्या आधी तिनं अख्खं घर चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर काढायला लावलं. कागदावरचा नकाशा तिला कळत होता, पण कच्ची टीप घातल्याशिवाय कात्री लावायची नाही ही शिवणकामातली सवय. मग काकांना तिथं आणलं आणि त्या रेघांच्या घरात फिरवलं. पुठ्ठ्याचे खोके मांडून ओटा केला, पलंगाच्या जागी चादर अंथरली. काका गंभीरपणे गाडी पुढं-मागं घेत होते. “इथं वळण बसत नाही,” ते म्हणाले. “आणि हे दार वाढवा. चाकं जातील, पण माझ्या बोटांची सालं निघतील.” काकूनं चपलेनं रेघ पुसली आणि भिंत सरकली. भिंत नुसती रेघ असते तोवर सरकवायला किती सोपं जातं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

माल उतरवून घ्यायला ती स्वतः हजर राहायची. वाळू मुठीत घेऊन चोळायची आणि तळहात मातकट झाला, तर गाडी परत. एकदा गाडीवाला म्हणाला, “अहो ताई, अर्धी रिकामी झालीसुद्धा.” काकू म्हणाली, “मग अर्धीच भरायचीय, लवकर होईल.” विटा एकमेकींवर आपटून खणखणीत वाजतात का ते ऐकायची. सिमेंटची पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब, आणि जुनं पोतं आधी वापरायचं, नवं मागं. तिच्या शिवणाच्या दुकानातल्या कापडाच्या ताग्यांनाही हाच कायदा होता.

प्लंबरचं नाव आम्ही ‘उद्यावाला’ ठेवलं होतं. फोन केला की “उद्या नक्की.” काकूनं फोन करणंच सोडून दिलं. गणवेशाच्या चड्ड्या घेऊन ती त्याच्या दुकानात जायची आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून शांतपणे दुमडपट्टी घालत राहायची. गिऱ्हाइकं विचारायची, “तुम्ही कोण?” ती सांगायची, “मी उद्याची वाट बघतेय.” तासाभरात तो स्कूटर काढायचा.

तिचे भाऊ, ज्यांना आम्हीही मामाच म्हणायचो, सुट्टी लागली की हजर व्हायचे आणि खिडक्या इकडच्या तिकडे करायला सांगायचे. काकूनं मिस्त्रीला बजावून ठेवलं होतं, “ते सांगतील त्याला हो म्हणा, चहा पाजा आणि मला विचारल्याशिवाय काही करू नका.” साइटवर सांगणारं तोंड एकच हवं, यावर ती ठाम होती. मामा मात्र शेवटपर्यंत समजत होते, की घर त्यांच्याच सल्ल्यानं उभं राहतंय.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि नेमकं बाथरूमचं काम निघालं तेव्हा काकांच्या छातीत कफ झाला. हॉस्पिटलात ठेवावं लागलं. काकूला त्यांच्याजवळून हलता येईना. तिथूनच ती मिस्त्रीला फोनवर सांगायची: दार इतकं रुंद, धरायचे दांडे इतक्या उंचीवर, नळ खाली, फरश्या खरबरीत. मिस्त्री “हो ताई, हो ताई” म्हणायचा, आणि सांगितलेलं सगळं त्यानं जसंच्या तसं केलं होतं. काका बरे होऊन घरी आल्यावर काकू मला घेऊन साइटवर गेली, तेव्हा आम्ही ते पाहिलं.

मिस्त्री दारातच उभा होता. चेहरा असा खुललेला, की मला वाटलं याच्याकडे काहीतरी गोड बातमी आहे. “बघा ताई,” म्हणाला आणि बाजूला झाला.

दार रुंद होतं, दांडे होते, नळ खाली होता. आणि दाराच्या खाली काळ्या दगडाचा उंबरठा होता. वीतभर रुंद, चांगला चार बोटं उंच, कडा गोल केलेल्या, चकाचक पॉलिश. “पाण्याचा एक थेंब खोलीत येणार नाही,” मिस्त्री म्हणाला. “दगड माझ्याकडून. एका मोठ्या बंगल्याचं काम केलं होतं, तिथला जपून ठेवला होता. तुमच्या घराला लावला.”

काकांची गाडी यावरून जाणार कशी? काकू वाकली, दगडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “काम फार सुरेख झालंय हो.” मग त्याच उंबरठ्यावर बसली आणि सगळ्यांना चहा मागवला.

चहा पिऊन माणसं कामाला गेल्यावर ती मिस्त्रीला झाडाखाली घेऊन गेली. मीही गेले. “माझंच चुकलं,” ती म्हणाली. “दार किती रुंद ते सांगितलं, खाली काय हवं ते सांगितलंच नाही. उंबरठा करू नका असं सांगावं लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

मिस्त्रीचा चेहरा पडला. “बाथरूमला उंबरठा नाही? ताई, मी आजवर असं बाथरूम केलेलं नाही. आणि आतली जमीन मी त्या हिशेबानं केलीय. उंबरठा काढला तर सगळं पाणी तुमच्या पलंगाखाली जाईल.” मग म्हणाला, “फोडायची काय गरज आहे? दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार करून देतो. गाडी चढेल, गाडी उतरेल.”

मला ते पटलं. सगळी फरशी उखडायची, पाइप खाली घ्यायचा, वर मिस्त्री रुसून निघून गेला तर नवा शोधायचा, त्यापेक्षा उतार बरा. काकूलाही क्षणभर पटलं असावं. ती म्हणाली, “आधी फळ्या टाकून बघू. मग ठरवू.” पुन्हा कच्ची टीप.

दुसऱ्या दिवशी काकांना आणलं. मिस्त्रीनं दोन्ही बाजूंना फळ्या तिरक्या लावून दिल्या. काकांनी जोर लावला. गाडी अर्ध्यावर चढली आणि मागं आली. पुन्हा चढली, पुन्हा मागं आली. तिसऱ्यांदा मिस्त्रीनंच मागून हात दिला तेव्हा चढली आणि पलीकडे अशी घसरली, की काका नळावरच जाऊन थडकले. बाहेर यायला तर जमेचना. काकांच्या कपाळावर घाम आला होता. आजारातून नुकताच उठलेला माणूस. ते थोडा वेळ दांड्याला धरून बसले आणि मग म्हणाले, “चालेल की. काय वाईट आहे? तू आहेसच ना मागं ढकलायला.”

हे ते हसून म्हणाले. काकूनं मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिनं लपवलंही नाही. “मग मी हे घर कशाला बांधलं हो?” ती म्हणाली. “ढकलायला मी तिथंही होतेच.”

मिस्त्री एकदा काकूकडे बघत होता, एकदा काकांकडे. “म्हणजे साहेब एकटे जाणार होते आत?” त्यानं विचारलं. “कुणी बरोबर नाही?”

“एकटे,” काकू म्हणाली. “त्यासाठीच सगळं.”

“हे मला कुणी बोललंच नाही, ताई. मला वाटलं, मागं माणूस असणारच. तुम्ही मला मापं दिलीत. कशासाठी ते सांगितलं नाहीत.”

काकू त्यावर मान हलवून “खरंय” म्हणाली. मला वाटतं, घर बांधणाऱ्या कुणालाही याहून उपयोगाचं काही सांगता येणार नाही. तुम्ही जे सांगत नाही, ते कारागीर त्याच्या सवयीनं करतो, आणि सवय चांगल्या कारागिराची असेल तर ती अगदी मजबूत असते.

मिस्त्रीनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. वर्षभरात पहिल्यांदाच. माणसांना हाक न मारता त्यानं स्वतः छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वतःचा दगड स्वतःच फोडला. काकू “जपून काढता येईल का, दुसरीकडे बसवू” म्हणत होती, पण तो घट्ट बसवलेला होता. निघाला तो तुकड्यांनीच. त्याचं फार वाईट वाटलं मला, आणि त्यालाही वाटलंच असणार.

मग सगळी जमीन उकरली. आतली फरशी खोलीपेक्षा जराशी खाली घ्यायची, ढाळ दारापासून लांबच्या कोपऱ्याकडे द्यायचा, पण इतका हलका की गाडी आपोआप घरंगळू नये. तरीही दाराकडे पाणी आलंच तर म्हणून दाराखाली अरुंद नाली, तिच्यावर लोखंडी जाळी. हे सगळं मिस्त्रीनंच योजलं. उद्यावाला म्हणाला, पाइप एकदा बसला की बसला, आता खाली जाणार नाही. मिस्त्री त्याला म्हणाला, “मी माझा दगड फोडलाय. तू मला पाइपाचं सांगू नकोस.” पाइप त्याच दिवशी खाली गेला. फरश्या बसवण्याआधी काकूनं बादलीभर पाणी ओतलं आणि आम्ही सगळे उभे राहून ते कुठं जातंय ते बघत राहिलो. ते गेलं कोपऱ्यात.

राहायला गेल्यावर पहिल्या सकाळी मी तिथंच होते. काका गाडी घेऊन गेले, जाळीवरून चाकं खडखडली आणि दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. काकू टॉवेल हातात घेऊन दाराबाहेर उभी. पाण्याचा आवाज सुरू झाला. थांबला. पुन्हा सुरू झाला. मग बराच वेळ काहीच नाही. काकू दाराला कान लावू लागली. शेवटी तिला राहवेना. तिनं दार वाजवलं. “अहो, काय झालं?”

“काय व्हायचंय?” आतून तो जुना, बसमधला आवाज आला. “अंघोळ करतोय! माणसाला सुखानं अंघोळ तरी करू देशील का? जा तिकडे. मी येईन बाहेर. तू इथं उभी राहू नकोस.”

काकू दोन पावलं मागं सरली. कुठं जावं ते तिला कळेना. मग स्वयंपाकघरात येऊन ती खाली फरशीवर बसली, टॉवेल मांडीवर तसाच. “ऐकलंस?” ती मला म्हणाली. “मला उभी राहू नकोस म्हणाले.” आणि तोंडाला टॉवेल लावून ती पोटभर रडली.