विहिरीतला ओंडका

चौसाळ्याहून गडी निरोप घेऊन आला तेव्हा मी धारूरला दुकानात होतो. "अप्पा गेले," एवढेच तो म्हणाला. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो अक्काचा नव्हता, भाचीचाही नव्हता. विहिरीतल्या त्या ओंडक्याचा होता... म्हणजे तो आता तसाच राहिला. या गोष्टीला आता वर्ष होत आले.

अप्पा म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, माझे दाजी, मन्मथअप्पा. किराणा दुकान आणि थोडी शेती. पण नाव होते ते लाकडाच्या पारखीचे. कुणाकडे लग्न निघाले की पलंग-चौरंगाचे लाकूड घ्यायला आधी दाजींना गाडीत बसवायचे. ते फळीवर नख ओढत, ओले बोट फिरवत, वास घेत आणि मग निकाल देत. सागवान सरळ, देखणे; पण गोदावरीपलीकडच्या जंगलातून येणार, त्यातले खरे-खोटे व्यापाऱ्यालाच ठाऊक. शिसव काळेशार आणि जड, पण चिरताना सुतार रडकुंडीला येतो. आंबा स्वस्त, फार दिवस राहत नाही. कडुलिंबाची पेटी करावी, कपड्यांना कसर लागत नाही. आणि बाभूळ? कुणी विचारलेच तर दाजींचा चेहरा खुलायचा. "बाभूळ आपल्या बांधावरची. तिला पाण्यात मुरवा, मग नातवापर्यंत बघायचं काम न्हाई." आमच्याकडे बाभळीचा ओंडका पावसाळाभर विहिरीत बुडवून ठेवतात. आतला रस निघून जातो, मग त्याला किडा शिवत नाही.

दाजींच्या एकुलत्या लेकीचे, गौरीचे लग्न ठरले. जावई बीडच्या तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, तेव्हा आंदणात लिहायचे मेज हवे, आणि तेही सागवानी, असे व्याह्यांचे म्हणणे. दाजी म्हणाले, "सागवानाच्या तोंडात मारंल असं बाभळीचं देतो." ओंडका विहिरीत पडला. पण व्याह्यांकडची म्हातारी अंथरुणाला खिळली, लग्न अलीकडे ओढले आणि ओंडका अर्धवट मुरलेलाच वर काढावा लागला. सुताराने कां-कूं केली. अक्का म्हणाली, "सागवान आणा की, काय बिघडतंय?" पण दिलेला शब्द गिळणे दाजींना जमले नाही. रंधा मारून तेल दिल्यावर मेज असे झळकले की आमच्या सगळ्यांच्या शंका फिटल्या.

पुढच्या उन्हाळ्यात कचेरीतले मोठे साहेब जावयाकडे फराळाला आले. मेजावर कोपर टेकून बसले आणि उठले तो काळ्या शेरवानीची बाही पिठाने भरलेली. किड्याने आतून लाकूड पोखरले होते. "अहलकारसाहेब, मेज है या चक्की?" साहेब हसत म्हणाले. ते वाक्य दाजींच्या कानांवर येण्याआधीच चौसाळ्याच्या बाजारात पोहोचले.

त्या दिवसापासून दाजींनी कुणाचे लाकूड पाहिले नाही. दुसरा ओंडका विहिरीत टाकला आणि म्हणाले, "आता नवं मेज घेऊनच गौरीच्या दारात जाईन." लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही, ही आमची रीत होतीच. पण नातू झाला, बारसे आले, तरी दाजी बीडच्या वेशीपर्यंत गेले आणि तिथूनच गाडी फिरवली. दरवर्षी पाणी उतरले, ओंडका दिसू लागला की मी विचारी, "दाजी, काढायचा का?" ते काठावरून वाकून बघत. "न्हाई. अजून मुरला न्हाई." गौरी माहेरी आली की म्हणे, "अप्पा, मला दुसरं मेज नगं. तुमी या." ते नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत आणि मागाहून मला म्हणत, "लेक मायेनं बोलती. लाकूड मायेनं टिकत न्हाई."

एक पावसाळा पुरतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. आम्हाला दाजींनीच ते शिकवले होते. तरी एकानेही त्यांना तोंडावर सांगितले नाही... आणि खरे बोलायचे तर त्या ओंडक्याचा विषय निघाला की आम्ही मिशीतल्या मिशीत हसत असू. आज ते आठवले की मेल्याहून मेल्यासारखे होते. आमच्या त्या हसण्यापायीच एक बाप लेकीच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला नाही.

दाजींना आमच्या लिंगायत रीतीने समाधी दिल्यावर, पाणी उतरल्याबरोबर अक्काने ओंडका काढवला. सुताराने कडेची ढलपी उडवली, बोटांत चोळली. "हे कवाच मुरलंय, मालक," तो म्हणाला. ओंडका सावलीत वाळवला, मेज झाले आणि मीच ते गाडीत घालून बीडला पोहोचवले.

परवा गौरीकडे उतरलो होतो. नवे मेज खिडकीपाशी आहे, जावईबापू त्यावर लिहितात. जुने माजघरात. सकाळी गौरी खाली वाकून त्याचे पीठ पदराने टिपत होती. "आता तरी टाकून दे की बाई हे," मी म्हणालो.

"कावून, मामा?" ती वर न बघता म्हणाली. "अप्पांच्या हातचं माझ्या घरी आलेलं एवढंच हाय."

तिने पदर अंगणात झटकला आणि पुन्हा मेजावरून हात फिरवला. नव्या मेजातून काहीच पडत नाही. तिकडे ती बघतही नाही.