साडूला बॉल लागू द्यायचा नाही

माझा साडू बोलायला लागला की समोरच्याने खुशाल गवार निवडायला घ्यावी. आपली बोलायची पाळी काही येत नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, थोरली त्याच्या घरात, धाकटी माझ्या. तो बारामतीत एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी पळसदेवला, उजनी धरणाच्या पाण्याच्या कडेला, पेरू आणि भाजीपाला करतो. त्याच्या हुद्द्याचं मला काही वाटत नाही. पण सुरुवात कुणीही करो, शेवट याचाच, हे मला पहिल्यापासून डाचत आलंय. माझ्या लग्नात मला नाव घ्यायला सांगितलं, तर अर्ध्या उखाण्यावर यानेच यमक जुळवून टाळ्या घेतल्या होत्या. फोटोत मी तोंड उघडं टाकून उभा आहे.

तेवढ्यावर मी सूड धरला नसता. सूड धरावा असं घडलं ते मागच्या धोंड्याच्या महिन्यात. तीन वर्षांनी अधिक महिना येतो, तेव्हा आमच्याकडे लेकीला आणि जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. त्या दिवशी जावई म्हणजे देव. त्याचे पाय धुतात, त्याला ओवाळतात, पाटावर बसवतात, आणि वाढणारा म्हणेल तेवढं त्याने खायचं असतं. आमची सासरवाडी पणदऱ्याची. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, सासूबाईंना मामी.

माझे वडील जाऊन तेव्हा तीनच महिने झाले होते. ताटं वाढली जात होती, तेवढ्यात मामांनी हळूच विचारलं, "शेवटी शेवटी काय बोललं का वो वडील तुमचं?"

मी ते तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सांगायला गेलो की शेवटापर्यंत जाता यायचं नाही. पण मामांनी इतक्या मायेने विचारलं की मी सुरू केलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं आणि जुनं देऊळ उघडं पडलं. वडील म्हणाले, मला एकदा तिकडं ने. आमचं जुनं गाव तिथंच होतं, धरणात गेलेलं. मी त्यांना होडीतून नेलं, पुढे हात धरून गाळातून चालवलं. देवळाच्या थोडं अलीकडे ते एकाएकी थांबले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले...

"आमच्या कंपनीतल्या एकाचे वडील असेच गेले," साडू म्हणाला.

मग त्या एकाचे वडील, मग पुण्याचं हॉस्पिटल, मग हॉस्पिटलची लिफ्ट, मग पार्किंग, पार्किंगवरून त्याची नवी गाडी, गाडीवरून नवा लॅपटॉप आणि लॅपटॉपवरून तो खेळत असलेला फुटबॉलचा गेम. धोंडे संपेपर्यंत सगळी पंगत हसत होती. मामाही हसले. मी घास गिळला, आणि त्याच्याबरोबर वडिलांचं वाक्यही. मामांनी परत विचारलं नाही. परतीच्या वाटेवर भिगवण येईपर्यंत मी गाडी नुसती दामटत राहिलो. मनात एकच होतं, की या माणसाचं तोंड एकदा मी बंद करीन, आणि तेही सगळ्यांच्या देखत, ह्याच घरात.

कशाने करायचं, ते त्यानेच सांगून ठेवलं होतं. त्या गेममध्ये आपण स्वतः बॉल मारायचा नसतो. आपण संघाचे मालक-मुकादम. कोण कुठे उभा राहील, कुणी कधी पुढे जायचं, पास लांब द्यायचा की जवळ, हे सगळं आधी ठरवून द्यायचं आणि मग पडद्यावर आपली माणसं काय दिवे लावतात ते बघत बसायचं. "डोकं लागतं पाव्हणं त्याला," साडू तेव्हा म्हणाला होता, "फवारणीइतकं सोपं न्हाय ते." मी दोन वर्षं कोल्हापुरात शिकायला होतो. तिथे फुटबॉल कळत नाही म्हणणाऱ्याला कुणी भाड्याने खोली देत नाही. पण हे सांगायला तरी मला मध्ये जागा कुठे होती?

मी तोच गेम घेतला. दुपारी पॅकिंगच्या शेडमध्ये माणसं जेवून आडवी झाली की पेरूच्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून बसायचो. बायकोला आधी वाटलं, मी मालाचा हिशेब शिकतोय. एक दिवस तिने मागून येऊन बघितलं, तर हिरव्या मैदानावर गोल ठिपके फिरत होते.

"हे काय?"

"तुझ्या दाजींचा बंदोबस्त."

साडू कसा खेळायचा हे त्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. मागे दडून बसायचं, बॉल मिळाला की लांब हाणायचा आणि पळायचं. मी ठरवलं, की याला बॉलच मिळू द्यायचा नाही. माझ्या वाट्याचं बोलणं याने जसं वर्षानुवर्षं दाबून ठेवलं, तसा मी बॉल दाबून ठेवणार. त्याने नुसतं बघायचं.

मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन अशी माणसं लावली. पास जवळचे, चाल संथ, बॉल गोलकीपरपासूनच हळूहळू खेळवत आणायचा. आणि जागा कुणाचीच पक्की नाही. बॉल आपल्याकडे आला की बाजूचे बचाववाले आत मध्यात सरकणार, मधला पुढे घुसणार, पुढचा मागे येऊन पास मागणार. समोरच्याला कळूच नये, कुणाला धरायचं. कागदावर झकास दिसत होतं. पडद्यावर पहिले काही महिने माझं हसं झालं. सगळ्यांना मोकळीक दिली तर सगळे बॉलकडेच धावायचे, गुळाच्या ढेपेला माश्या लागाव्यात तसे. मागे मैदान रिकामं, आणि समोरचा कुणीही ऐरागैरा येऊन गोल ठोकून जायचा. पुष्कळ मार खाल्ल्यावर समजलं, की तिघांना हिंडू द्यायचं असेल तर दोघांना खुंट्यासारखं बसवावं लागतं. दोन धिप्पाड गडी मागे बसवले, त्यांच्या पुढे एक थंड डोक्याचा, ज्याने फक्त घ्यायचं आणि द्यायचं. मग मात्र बॉल असा फिरायला लागला की मी एकटाच शेडमध्ये हसायचो.

बायको बघत उभी राहायची. एकदा म्हणाली, "अवं, पण गोल कोण करणार?"

"गोलाचं काय एवढं न्हाय."

"मग खेळ कशाला म्हणायचं त्याला?"

मी तिला म्हणालो, तुला यातलं कळत नाही. ती पेरू निवडायला निघून गेली.

यंदाचा धोंडा ऐन उन्हाळ्यात आला. पाणी पुन्हा उतरलं होतं, देऊळ पुन्हा उघडं पडलं होतं, पण ह्या वर्षी मी तिकडे गेलो नव्हतो. आम्ही सकाळीच पणदऱ्याला पोचलो. मामी पुरण वाटत होत्या. साडू सोप्यात लॅपटॉप उघडून मामांना त्याच्या संघाचे कप दाखवत होता. मी पिशवीतून माझा लॅपटॉप काढून शेजारी ठेवला.

"आरं तिच्या! तुमी बी?" साडू खुलला. "मग हून जाऊ द्या की एक मॅच. आन हारंल त्यानं आज वाढायचं, बोला!"

आतून मामी ओरडल्या, "काय तरीच! धोंड्याला जावयानं वाढायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"पैज म्हंजी पैज," मामा म्हणाले आणि खुर्ची ओढून आमच्या मागे बसले.

दोन्ही लॅपटॉप एकमेकांना जोडले आणि सामना सुरू झाला. माझ्या पोरांनी बॉल घेतला आणि दिलाच नाही. इकडून तिकडे, तिकडून मागे, मागून मध्ये. साडूचे गडी धावून धावून दमले. पहिला भाग संपला तेव्हा सत्तर टक्क्यांच्या वर बॉल माझ्याकडे होता. साडूचा पाय हलायला लागला. मग तो बोटं मोडायला लागला. तो गप्प होता! मामा म्हणाले, "आज थोरल्या पाव्हण्यांना बॉलच सापडंना झालाय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या वेळी मी दोन माणसं पुढे काढायला हवी होती. पडद्यावर तसा सल्लाही आला होता, की दमलेत, आता चढाई करा. पण मला त्याची घुसमट एवढी गोड लागत होती की मी चाल उलट आणखी संथ केली. अजून बघ, म्हटलं, अजून जरा तरसून बघ. शेवटची काही मिनिटं राहिली होती. माझ्या थंड डोक्याच्या गड्याने गोलकीपरकडे मागे एक पास दिला, तो आखूड पडला. साडूचा एकटा पुढचा गडी तिथे रेंगाळत होता. त्याने पाय लावला आणि बॉल जाळ्यात गेला.

साडूने दोन्ही हात वर केले. त्यानंतर त्याचं तोंड जे सुटलं, ते पाटावर बसेपर्यंत सुटलेलंच होतं. त्या एका गोलाचं वर्णन त्याने मामांना, मामींना आणि गोठ्यात वैरण टाकायला आलेल्या गड्यालाही ऐकवलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. गोल कोण करणार, हे तिने पुन्हा विचारलं नाही, हे तिचे उपकार. मला लॅपटॉप उसात फेकून द्यावासा वाटला.

पाट मांडले. साडू आणि मेव्हणी जोडीने बसले. शेजारी माझी बायको, आणि तिच्या बाजूला माझा रिकामा पाट. मामा समोर. मी कमरेला पंचा गुंडाळून धोंड्यांचं पातेलं उचललं.

"वाढा की वाढपी!" साडू म्हणाला. "तर मामा, त्यो पास आखूड पडणार हे मला आधीच..."

मी त्याच्या ताटात दोन धोंडे ठेवले, वर तुपाची धार धरली. त्याने घास घेतला, आणि त्याचं वाक्य तुटलं.

मी तिथेच थबकलो. घास लहान नव्हता. तो चावत होता आणि मी उभा होतो. माझ्या हातात पातेलं होतं, आणि सगळ्या पंगतीचे डोळे वाढणाऱ्याच्या हाताकडे होते. एवढी वर्षं मी पाटावर बसून चूक करत होतो.

त्याने घास गिळला, तोंड उघडलं. मी म्हणालो, "धोंड्याचं वाण हाय साडूभाऊ, न्हाय म्हनायचं नसतं," आणि तिसरा ठेवला. मग तूप. मग गुळवणी. मग कुरडई. घाई केली नाही. एक फेरी मामांकडे, एक मेव्हणीकडे, की परत साडूकडे. त्याने हात आडवा केला तर मामीच म्हणाल्या, "जावयाचं ताट रिकामं ऱ्हाऊ नये बाई आजच्या दिवशी." त्याने हात काढला. तो बिचारा देव होता, करणार काय!

बायकोच्या लक्षात आलं. ती खाली मान घालून म्हणाली, "सावकाश वाढा, घाई न्हाय कुणाला."

मग मी मामांच्या ताटाशी वाकलो आणि म्हणालो, "मामा, तुमी मागं इचारलं व्हतं, वडील शेवटी काय बोलले."

मामांचा हात थांबला. "व्हय की. ते ऱ्हायलंच."

मी सांगायला लागलो. होडी, गाळ, वडिलांचा हातात धरलेला हात. साडू दोनदा काही म्हणू पाहत होता. दोन्ही वेळा मी बोलता बोलता त्याच्याकडे वळलो आणि वाढलं. आवाज चढवावा लागला नाही. देवळाच्या अलीकडे वडील एकाएकी थांबले, इथपर्यंत आलो आणि पुढचं लगेच सांगवेना. पण कुणी मध्ये बोललं नाही, म्हणून मी थांबू शकलो, आणि थांबून पुन्हा सांगू शकलो.

"चारी बाजूला नुसता गाळ व्हता मामा. दगड न्हाय, विटा न्हाय, काय न्हाय. वडील माझ्या पायाकडं बघत म्हनाले, चपला काढ आधी. घरात उभा हायस तू."

कुणी घास घेतला नाही. मामींनी पदर डोळ्याला लावला. बायको माझ्याकडे बघत राहिली. हे तीही पहिल्यांदा ऐकत होती.

"मग?" मामांनी विचारलं.

"मग काय, काढल्या. त्येंनी बी काढल्या. जरा वेळ दोघं तितंच उभं ऱ्हायलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलेच न्हाईत."

साडूने तोंडातलं सगळं गिळलं. पाण्याचा घोट घेतला. त्याचे डोळे खरंच ओले झाले होते.

"पाव्हणं," तो म्हणाला, "एवढी मोठी गोष्ट, आन तुमी आमाला आधी कधीच कशी सांगितली न्हाय वो?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

पातेल्यात एक धोंडा उरला होता. तो मी त्याच्या ताटात वाढला.