सरावाच्या वहीतले एकशे वीस

बीपीचा पट्टा सोडला तरी आईच्या दंडावरचा वळ लगेच जात नाही. आज दवाखान्यात तो पाहिला आणि मला मान वर करवेना.

गेल्या वर्षी आरोग्य सहायकाच्या परीक्षेसाठी मी रोज तिचंच बीपी मोजायचे. आकडा एकशे सत्तरच्या खाली येईना. माझाच हात चुकतोय असं धरून मी वहीत पुस्तकातले एकशे वीस लिहून टाकायचे. शिकताना चुकण्याची भीती इतकी असते, की समोरचं माणूस आजारी असेल हे सुचतच नाही. ‘उच्च रक्तदाबाची लक्षणं बहुधा दिसत नाहीत,’ या उत्तराला मला पूर्ण गुण मिळाले.

“आधी कधी वाढलं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे, ही रोज मोजायची ना,” आई कौतुकानं म्हणाली. “वहीत सगळं लिहिलंय तिनं.”