बाबांचं जुनं पॅनल

काल गच्चीवर नवी सोलर पॅनलं बसली. आता त्यांच्यावर फ्रीजसुद्धा चालतो, आणि एकेक पॅनल बाबांच्या जुन्या पॅनलहून स्वस्त! त्या जुन्यासाठी आईने पाटल्या मोडल्या होत्या. त्यावर जेमतेम दोन दिवे लागायचे. पण ते घाण होऊ नये म्हणून बाबा खुर्ची टाकून कावळे हाकत बसायचे. आईच्या वाळवणाला गच्चीवर बंदीच होती. महाग वस्तूचा घराला केवढा धाक असतो! ऊन मात्र तेव्हाही असंच भरभरून पडत होतं.

आज आईने ते उतरवलेलं पॅनल धुतलं, त्यावर स्वच्छ धोतर अंथरलं आणि सांडगे घातले.

“काच मस्त तापते हो,” ती बाबांना म्हणाली.

बाबांनी खुर्ची ओढली आणि कावळे हाकत बसले.