चौथ्या मजल्यावरचं मत

ज्युनियर कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा धडा आला की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तिथे दोनच पक्ष का? एखादा पैसेवाला अपक्ष उभा राहिला तर?" माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. पैसेवाला अपक्ष गाजावाजा करतो, थोडी मतं खातो आणि घरी जातो. हे सांगताना माझा आवाज जरा चढलेलाच असायचा. पुढे आमच्याच बिल्डिंगमध्ये असा एक उभा राहिला, आणि त्याचा प्रचार करत दारोदार फिरणारी मी होते.

कारण एकच, आई. मुलुंड पूर्वेला आमची तळमजला अधिक चार मजल्यांची सोसायटी आहे. चाळीस फ्लॅट, एकच जिना, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तिला स्ट्रेचरवरून वर आणलं आणि त्यानंतर चौदा महिने ती खाली उतरली नव्हती. तीस वर्षं महापालिकेच्या इस्पितळात सिस्टर म्हणून पायाला भिंगरी लावून फिरलेली ही बाई खिडकीत बसून भाजीवाल्याशी वरूनच हुज्जत घालायची. मला ते बघवत नव्हतं. तिला एकदा तरी आपल्या पायांनी गेटबाहेर जाता यावं, एवढंच मला हवं होतं.

आमच्या सोसायटीत दोन पार्ट्या. एकीला पोरं तोडपार्टी म्हणायची: बिल्डिंग पाडा, टॉवर बांधा. दुसरी प्लास्टरपार्टी: पाडायचं नाही, डागडुजी करा. कायद्याने अध्यक्ष समिती निवडते, पण आमच्याकडे पूर्वापार सगळे सभासद चिठ्ठ्या टाकून अध्यक्ष ठरवायचे आणि समिती नंतर मान डोलवायची. एकदा हे, एकदा ते. लिफ्टचा विषय काढला की तोडपार्टीवाले काका म्हणायचे, "पाडायच्या बिल्डिंगला लिफ्ट कशाला?" प्लास्टरपार्टीवाले काका म्हणायचे, "आधी गळती, मग लिफ्ट." एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन माणसं या एका बाबतीत मात्र अकरा वर्षं एकमताने नाही म्हणत होती.

मग दुसऱ्या मजल्यावरचा शेठ उभा राहिला. मॉड्युलर किचनच्या धंद्यात त्याने बक्कळ कमावलं होतं. दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत पाडली होती, एक फ्लॅट त्याच्या नावावर, एक बायकोच्या. त्याने जाहीर केलं की अध्यक्ष झालो तर आठ महिन्यांत गॅलरीच्या बाहेरून लिफ्ट बसवतो, सगळा खर्च माझा. चाळीस घरांच्या निवडणुकीसाठी त्याने गेटवर स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावला. घरोघरी काजूकतली आणि त्याचा चेहरा छापलेली स्टीलची बाटली पोचली. मला हसू आलं. पण आठ महिने हा शब्द डोक्यातून जाईना, आणि मी त्याच्या बाजूने उतरले.

महिनाभर संध्याकाळी प्रत्येक दार वाजवलं. लोक चहा द्यायचे, बाटलीची तारीफ करायचे. "मॅडम, माणूस चांगला आहे ओ, पण त्याला मत देऊन वाया कशाला घालवायचं? येणार तर या दोघांतलाच कोणीतरी," असं पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते. त्या दिवशी ते ऐकून मला संताप आला.

एक गोष्ट मात्र घडली. शेठची बाटली घराघरांत गेल्यावर पंधरा दिवसांत प्लास्टरपार्टीच्या पत्रकात खालच्या ओळीत छापून आलं, "लिफ्टबाबत सकारात्मक विचार." दुसऱ्या दिवशी तोडपार्टीच्या पत्रकात तेच, जरा मोठ्या टाइपात. मी दोन्ही पत्रकं आईसमोर धरली.

"बघ, घाबरले."

"विचार करते म्हणून लिवलं हाय. विचार तर मीबी करते," आई म्हणाली. ती नागपूरकडची. मुंबईत जन्म गेला, पण चिडली की बोलणं गावाकडचं होतं.

"म्हणून तर शेठला मत दे म्हणते. त्याच्याकडे पैसे तयार आहेत."

"त्याच्या पैशाची लिफ्ट म्हंजे त्याची लिफ्ट. उद्या तो रुसला तर मी जिन्यावर उभी. मले माझ्या हक्काची पाहिजे."

आमचं कडाक्याचं वाजलं. मी तिला हट्टी म्हटलं, तिने मला उधार अकलेची म्हटलं. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मला मनातून इतका राग होता की तिचं पथ्याचं जेवण मी आदळूनच वाढत होते. आता लाज वाटते.

अडचण अशी की फ्लॅट आईच्या नावावर. मत तिचं, माझं नाही. नियम असा की सभासदाने स्वतः खाली टेबलापाशी यायचं. शेजारच्या सोसायटीतले निवृत्त पोस्टमास्तर निवडणूक अधिकारी म्हणून बसणार होते. मी त्यांना विनवलं, पेटी दहा मिनिटं वर आणा. त्यांची तयारी होती, पण उमेदवार असलेल्या दोन्ही काकांनी हरकत घेतली. पेटीबरोबर वर जाऊन दुसऱ्याने आईला एकटीला गाठू नये, एवढीच दोघांची काळजी.

रविवारी सकाळी दहाला मतदान सुरू झालं, बाराला बंद होणार होतं. अकराच्या सुमारास शेठने दोन माणसं आणि एक खुर्ची घेऊन आमचं दार वाजवलं. "आजी, बसा. आरामात नेतो."

"मले उचलू नका. मी काय सोफा हाय का?" आई म्हणाली. तिने बाहेर जायची पांढरी साडी नेसून ठेवली होती, म्हणजे सकाळीच ठरलं होतं. काठी घेतली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जिन्याकडे निघाली.

बहात्तर पायऱ्या आहेत. मी रोज उतरते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मोजल्या. दर पायरीवर आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. तिसऱ्या मजल्यावर तिला घाम फुटला. मी म्हटलं, परत जाऊ. तिने काठी पुढच्या पायरीवर टेकवली. दारं उघडत होती, कोणी पाणी दिलं, कोणी उगाच "सावकाश हं" म्हणालं. मी घाबरले होते आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता. बाराला दहा कमी असताना ती टेबलापाशी पोचली, रजिस्टरवर सही केली, चिठ्ठी लिहिली, घडी घालून पेटीत टाकली आणि आंब्याच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसली.

मोजणी सगळ्यांसमोर झाली. सदतीस मतं पडली होती. तोडपार्टी सोळा. प्लास्टरपार्टी सोळा. शेठ चार, त्यातली दोन घरचीच, म्हणजे माझ्या महिनाभराच्या वणवणीची कमाई दोन. आणि एक चिठ्ठी बाद. पोस्टमास्तरांनी ती उंच धरली. उमेदवाराचं नाव नव्हतंच. थरथरत्या अक्षरात एकच शब्द होता, लिफ्ट.

कोणाची चिठ्ठी ते सांगावं लागलं नाही. हशा झाला, आणि मग सोळा-सोळाचा अर्थ हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आला. पोस्टमास्तर म्हणाले, "नाणेफेक करू. किंवा दोघांची हरकत नसेल तर बाईंना पुन्हा चिठ्ठी देऊ." मला वाटलं, दोघं नाणंच मागतील. पण एका काकांना वाटत होतं की आमच्या बाबांशी त्यांची दोस्ती होती, आणि दुसऱ्यांना वाटत होतं की आईची औषधं तेच अधूनमधून आणून देतात, म्हणजे तिचं मत आपलंच. दोघेही तोऱ्यात म्हणाले, "द्या, द्या. चालेल."

कोरी चिठ्ठी आली. आईने पेनाचं टोपण काढलं नाही.

"आदी ठराव लिवा," ती म्हणाली. "सोसायटी सोसायटीच्या पैशातून लिफ्ट बसवन. काम कवा चालू व्हईन ते लिवा. बिल्डिंग पाडाची असन तर तवा पाडजा, पण तवापर्यंत माणसं राह्यतात का नाई इथं?"

"आजी, मी तर फुकट देत होतो," शेठ मागून म्हणाला. त्याचा चेहरा खरंच पडला होता.

"देत होता ना बाबा. म्हणून तर हे दोघं आज ऐकून राह्यले."

तोडपार्टीवाले काका म्हणाले, "वहिनी, निवडून आल्यावर बघू." प्लास्टरपार्टीवाले म्हणाले, "सभा बोलवावी लागेल."

"सभाच बसली हाय. विचारा." पोस्टमास्तरांनी विचारलं. आधी गॅलरीतून हात वर झाले, मग खालचे. जिन्यात पाणी दिलेल्या सगळ्यांचे झाले. ठराव कागदावर उतरला.

"आता दोघं सह्या करा. जो आदी करन त्याचं नाव मी लिवीन."

दोन वयस्क माणसं पेनासाठी एकाच वेळी वाकताना मी प्रथमच पाहिली. प्लास्टरपार्टीवाले काका चष्मा शोधत राहिले, तेवढ्यात तोडपार्टीवाल्यांनी सही ठोकली. दुसऱ्यांनीही केली, पण दातओठ खात. आईने शब्द पाळला. सतरा-सोळा.

पुढच्या वर्षी धडा शिकवताना मी जुनं उत्तर दिलं नाही. पैसेवाला अपक्ष जिंकला नाही तरी दोघांच्या तोंडी नवा शब्द घालू शकतो. मात्र तो शब्द कागदावर येईपर्यंत कोणालातरी हटून बसावं लागतं. वर्गाला ते कितपत पटलं, माहीत नाही.

मतदानाच्या त्या दुपारी वर चढायला आम्हाला तासाहून जास्त लागला. दुसऱ्या मजल्यावर आई कठड्याला टेकून श्वास घेत होती. मनातली भीती माझ्या तोंडून निघून गेली. "शेठची आठ महिन्यांत झाली असती गं. यांची परवानगी, टेंडर, सगळं होईपर्यंत वर्षं जातील. तोवर तू..."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. पन्नाशी उलटल्यापासून मीही उतरताना कठडा धरते, हे तिला माहीत होतं.

"मी नसीन तर तू असशीन," ती म्हणाली. "चल, उचल पाय."

सोमवारी मी कॉलेजातून अर्धी रजा काढली आणि ठरावाची प्रत घेऊन आर्किटेक्टच्या दारात जाऊन बसले.